दारामागे उभं राहिलेलं मूल

माझी एक मैत्रीण तालुक्याच्या गावी होमिओपॅथीचा दवाखाना चालवते. हे प्रकरण लिहिण्याआधी मी दोन दिवस तिच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी एक आजी चार वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या.

"डॉक्टरीणबाई, चार-चार दिवस शी होत नाही याला. होते ती पण खडा. कुंथून कुंथून लालबुंद होतो बिचारा, पण होत म्हणून नाही."

घरचे उपाय करून झाले होते. भिजवलेल्या मनुका झाल्या, रात्री दुधात तूप झालं, एरंडेल झालं, आणि शेवटी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून तोही लावून झाला. त्या देठानंतर संडासचं नाव काढलं तरी पोरगं घरभर पळतं, हेही आजींनी सांगितलं.

मैत्रिणीने पुढचा प्रश्न मुलालाच विचारला. "शी आली की तू कुठे जातोस रे बाळा?"

"दाराच्या मागे."

"आणि तिथे काय करतोस?"

त्याने उठून करूनच दाखवलं. दवाखान्याच्या दारामागे गेला, टाचा उचलल्या, गुडघे ताठ केले, एक पाय दुसऱ्यावर आवळला, कडी घट्ट धरली आणि ओठ मिटून उभा राहिला.

"बघा ना, किती जोर लावतो," आजी कळवळून म्हणाल्या.

"आजी, जोर लावतोय खरा, पण बाहेर ढकलायला नाही. तो धरून ठेवतोय."

ही एक गोष्ट उमगायला कित्येक घरांना महिनोन्‌महिने लागतात. मोठं आतडं अन्नाच्या चोथ्यातलं पाणी सतत शोषत असतं. चोथा जितका जास्त वेळ आत राहील तितका तो कोरडा आणि टणक होतो. एखाद्या दिवशी, तापातून उठल्यावर, अंगावरचं दूध सुटून घरचं जेवण सुरू होताना किंवा बालवाडीच्या पहिल्या आठवड्यात, मुलाला एक कडक शी होते. दुखतं. कधी गुदद्वाराशी बारीक चीरही पडते. मूल त्यातून शिकतं ते एवढंच, की शी केली की दुखतं. मग पुढची कळ आली की ते अंगातल्या सगळ्या ताकदीने ती परतवून लावतं. परतवलेली शी आत आणखी सुकते, आणखी जाड होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखवते. असं आठवड्यांमागून आठवडे चाललं की मलाशय ताणून सैल पडतो आणि तो भरल्याची जाणीवच बोथट होते. अशा वेळी मूल "मला नाही आली" म्हणतं ते खरं असतं, त्याला कळलेलंच नसतं. पुढे आतल्या घट्ट गोळ्याच्या कडेने पातळ मळ पाझरतो आणि चड्डीला लागतो. घरात कुणी त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध देतं, म्हणजे आगीत तेल. कुणी त्याला घाणेरडेपणा समजून धपाटा घालतं. शाळेत "वास येतो" म्हणून बाकावर एकटी बसवलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाचीही चूक नसते, हे जिथे संधी मिळेल तिथे मी सांगत आले आहे.

मुलांच्या पोटाच्या तक्रारींचे जे आंतरराष्ट्रीय निकष २०१६ साली सुधारले गेले, 'रोम चार' या नावाने ते ओळखले जातात, त्यांत 'धरून ठेवणं' हे स्वतंत्र लक्षण म्हणून दिलेलं आहे. आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शौचाला होणं, होताना दुखणं, फार जाड शी होणं, मलाशयात गोळा साठलेला असणं, बसायला शिकलेल्या मुलाची चड्डी खराब होणं, अशांपैकी दोन लक्षणं महिनाभर असली तर ती बद्धकोष्ठता. नुसते दिवस मोजून काही ठरत नाही. केवळ आईच्या दुधावर असलेलं महिना-दीड महिन्यापुढचं बाळ कधी कधी आठवडाभर शी करत नाही, आणि करतं तेव्हा ती मऊ असते. अशा बाळाला कसलंही औषध नको, बाळगुटीतला हिरडाही नको. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवूच नये, कारण त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, आणि त्याचं सुरुवातीचं लक्षण पुष्कळदा बद्धकोष्ठता हेच असतं.

आता मैत्रिणीच्या टेबलावरच्या जाड पुस्तकाकडे येते. ती केंटची रेपर्टरी. अमेरिकन डॉक्टर जेम्स टायलर केंट यांनी १८९७ साली ती प्रसिद्ध करायला घेतली. रेपर्टरी म्हणजे लक्षणांचा कोश. लक्षण शोधायचं, त्याच्यापुढे त्या लक्षणाशी जुळणाऱ्या औषधांची नावं. मलाशयावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे, आणि बद्धकोष्ठतेखाली बारीक बारीक भेद. शौचाची भावना वारंवार होते पण पोट साफ झाल्यासारखं वाटतच नाही, तर नक्स व्होमिका, म्हणजे आपल्या कोकणात काजरा म्हणतात त्या झाडाची विषारी बी. शी कोरडी, जळल्यासारखी, आणि मूल एका वेळी तांब्याभर पाणी पितं, तर ब्रायोनिया. गुबगुबीत, डोक्याला घाम येणारं मूल, शौचाला झालं नाही तरी खुशीत, तर कल्केरिया कार्ब, जे कालवाच्या शिंपल्यापासून करतात.

आणि सिलिशिआ. हे वाळूतल्या गारेपासून तयार होतं. त्याचं ओळखीचं लक्षण असं, की शी थोडी बाहेर येते आणि पुन्हा आत सरकते. मैत्रिणीने त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि दारामागचा तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी हेच मूल नीट, नजर न हटवता पाहिलेलं आहे. त्या काळच्या पुस्तकांनी याचा अर्थ लावला तो, मलाशयात शी बाहेर ढकलायची ताकद उरलेली नाही, असा. आज आपल्याला कळतं की ताकद भरपूर आहे, ती उलट्या दिशेने चाललेली आहे. निरीक्षण खरं होतं, कारण चुकलं होतं. होमिओपॅथीची जुनी पुस्तकं वाचताना हा अनुभव मला पुनःपुन्हा आला, आणि म्हणूनच त्यांना एका फटक्यात कचऱ्यात टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही.

ॲल्युमिनाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. वरच्या दुधावरचं तान्हं बाळ, शी मऊ असते, तरी ती करताना ते कुंथतं, रडतं, लाल होतं. पुस्तकं म्हणतात, ॲल्युमिना द्या. आजचे बालरोगतज्ज्ञ या अवस्थेला बद्धकोष्ठता म्हणतच नाहीत. पोटाने जोर लावायचा आणि त्याच क्षणी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडायचे, या दोन गोष्टींचा मेळ बाळाला अजून साधलेला नसतो. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांत हे दिसतं आणि मेळ बसला की आपोआप थांबतं. बाळ काही आठवड्यांत बरं होणारच असतं, गोळी दिली तरी आणि न दिली तरी. ज्या आईने गोळी दिली तिला मात्र ती लागू पडल्याचं प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसतं, आणि ती खोटं बोलत नसते.

अफू आणि शिसं ही या कोशातली आणखी दोन औषधं, ओपियम आणि प्लम्बम. इथे होमिओपॅथीचं मूळ तत्त्व सर्वांत स्वच्छ दिसतं. निरोगी माणसात जो पदार्थ एखादं लक्षण उत्पन्न करतो, तोच सूक्ष्म मात्रेत ते लक्षण बरं करतो, असं सॅम्युएल हानेमान यांचं म्हणणं होतं. जर्मनीतल्या माइसन गावी १७५५ साली जन्मलेले हानेमान भाषांतरं करून पोट भरत. १७९० साली विल्यम कलेन या स्कॉटिश वैद्याचा औषधांवरचा ग्रंथ जर्मनमध्ये आणताना हिवतापावर दिल्या जाणाऱ्या सिंकोनाच्या सालीबद्दलचं कलेनचं म्हणणं त्यांना पटेना, म्हणून त्यांनी ती साल स्वतः घेऊन पाहिली. हिवतापासारखी लक्षणं अंगावर आली, आणि त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. १८१० साली त्यांचा 'ऑर्गेनॉन' हा ग्रंथ आला. त्या काळी डॉक्टर रुग्णाचं रक्त काढत, पारा पाजत, तीव्र रेचकांनी आतडी पिळून काढत. अशा वेळी माणसाला काहीही इजा न करता त्याचं बोलणं तासभर ऐकणारा वैद्य लोकांना देवासारखा वाटला, यात नवल नाही.

अफूने बद्धकोष्ठता होते हे शंभर टक्के खरं आहे, मॉर्फिनवर असलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना आजही त्यासाठी वेगळं औषध द्यावं लागतं. शिसंही आतडी बांधून टाकतं. म्हणजे कारण आणि लक्षण यांची गाठ पक्की आहे. सुटते ती पुढची गाठ, सूक्ष्म मात्रेची. मूळ पदार्थाचा एक भाग आणि नव्व्याण्णव भाग द्रावक किंवा दुधाची साखर, हे झालं पहिलं पाऊल. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नव्व्याण्णव भागांत मिसळला की दुसरं. दुकानात 'तीस' लिहिलेली बाटली मिळते ती अशी तीस पावलं चाललेली असते, म्हणजे एकावर साठ शून्यं इतकी विरळ. बारा पावलांच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणू तरी उरला असण्याची शक्यता नगण्य होते. हानेमान यांना हे कळायला मार्ग नव्हता. रेणू किती लहान असतो याचा पहिला पटण्याजोगा अंदाज योहान लोश्मिट यांनी १८६५ साली मांडला, आणि हानेमान १८४३ मध्ये पॅरिसला वारले होते. आपल्याला मात्र तो मार्ग आहे.

तरीही, रेणू असो वा नसो, मूल बरं होतं का, हे मोजता येतं. 'लॅन्सेट'मध्ये २००५ साली होमिओपॅथीच्या ११० चाचण्या आणि तशाच ११० नेहमीच्या औषधांच्या चाचण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. त्यांतल्या मोठ्या आणि काटेकोर चाचण्या वेगळ्या काढल्यावर होमिओपॅथीचा परिणाम खोट्या गोळीच्या जवळ जाऊन थांबला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासून निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजारासाठी नाही. मुलांच्या बद्धकोष्ठतेसाठी युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपचनसंस्था तज्ज्ञांनी २०१४ साली मिळून ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही पर्यायी उपचारांची सरसकट शिफारस केलेली नाही. मला हे निष्कर्ष मान्य आहेत. गोळीने आतड्यात काही घडतं, असं मी मानत नाही.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. कलकत्ता विद्यापीठाचे सुरुवातीचे एम. डी. महेंद्रलाल सरकार यांनी १८६७ साली उघडपणे होमिओपॅथीचा पुरस्कार केला. ज्या संस्थेत पुढे रामन परिणामाचा शोध लागला, ती विज्ञानसंस्था त्याच सरकारांनी १८७६ साली उभारली. म्हणजे होमिओपॅथी आपल्याकडे अडाणीपणातून वाढली, असं म्हणता येत नाही. १९७३ साली केंद्राने तिच्यासाठी कायदा केला. अंतर्वासितेसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेले डॉक्टर महाराष्ट्रात गावोगाव बसलेले आहेत, आणि कित्येक मुलांच्या पोटाला हात लावून पाहणारा पहिला डॉक्टर त्यांच्यातलाच असतो. साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या मूल हसत घेतं, टोचावं लागत नाही, पैसे कमी लागतात. आईबापांचा ओढा का असतो, हे मला समजतं.

शिवाय ते बरं झाल्यासारखं दिसतंही. मुलांचा हा त्रास लाटेसारखा असतो, चार आठवडे वाईट, दोन आठवडे बरे. आईबाप दवाखान्यात जातात ते लाट सर्वांत उंच असताना, आणि त्यानंतर ती उतरतेच. दुसरं म्हणजे, होमिओपॅथ 'केस घेतो' तेव्हा विचारतो की मूल कशाला घाबरतं, दूध किती पितं, शाळेत काय होतं, धाकटं भावंड कधी आलं. या प्रश्नांनीच पुष्कळदा घरातलं वागणं बदलतं. दिवसाला लिटरभर दूध पिणारं मूल अर्ध्या लिटरवर येतं, ओरडा थांबतो. माझ्या मते गुण असतो तो इथे, बाटलीबाहेर. दहा मिनिटांत तीन मुलं तपासणाऱ्या दवाखान्यांनी एवढं ऐकून घेण्याची पद्धत इथून उचलावी, असं मला मनापासून वाटतं.

धोका आहे तो वेळ जाण्यात. हाराल्ड हिर्शस्प्रुंग या डॅनिश बालरोगतज्ज्ञाने १८८६ साली बर्लिनमध्ये दोन बाळांची हकीकत मांडली. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, शी होत नाही, आणि दोन्ही बाळं दगावली. आतड्याच्या शेवटच्या भागात हालचाल घडवणाऱ्या मज्जापेशीच नसतात, असा हा जन्मजात दोष. साधारण पाच हजार बाळांत एकाला असतो आणि त्यावर इलाज शस्त्रक्रिया हाच. त्याची सर्वांत मोठी खूण पहिल्या दोन दिवसांतच दिसते, बाळाला जन्मल्यावरची काळी शी ४८ तासांत होत नाही. पुढे मूल कुठल्याही डॉक्टरकडे नेलं, तरी आईने ही आठवण सांगायला हवी. त्रास पहिल्या महिन्यातच सुरू झाला असेल, उलटी हिरवी होत असेल, पोट फुगून ताठ असेल, वजन वाढत नसेल, पाय लुळे वाटत असतील किंवा पाठीच्या कण्याच्या टोकाशी खळगा वा केसांचा झुपका असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जायचं. थायरॉइड कमी असलेल्या बाळालाही बद्धकोष्ठता होते, आणि तिथे वाया गेलेला प्रत्येक आठवडा मेंदूच्या वाढीतून वजा होतो. अशा मुलाला गोळ्या देत "महिनाभर बघू" म्हणणं हा अपराध आहे, मग म्हणणारा कोणत्याही पॅथीचा असो.

गोळ्या गोड आणि विरळ असतात म्हणून त्या निर्धोकच असतात, असंही नाही. दात येताना द्यायच्या काही होमिओपॅथी गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण गोळीगणिक वेगळं आणि काहींत लिहिलंय त्याहून कितीतरी जास्त सापडल्याचं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली जाहीर केलं होतं. विरळ करायचं काम नीट झालं नाही, तर विष हे विषच राहतं.

मग धरून ठेवणाऱ्या मुलाला बरं कशाने वाटतं? शी इतकी मऊ व्हावी की धरून ठेवणंच अवघड जावं, आणि ती कित्येक महिने एकदाही दुखू नये. भीती शिकायला एक दिवस पुरतो, विसरायला शेकडो न दुखणारे दिवस लागतात. आधी आत साठलेला गोळा काढावा लागतो. त्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात किंवा सरबतात कालवून तीन ते सहा दिवस मोठ्या मात्रेत देतात. ही पावडर रक्तात जवळजवळ शिरतच नाही, आतड्यात पाणी धरून ठेवते एवढंच तिचं काम. नंतर लहान मात्रा रोज, निदान दोन महिने, आणि सगळी लक्षणं जाऊन महिना उलटल्यावर हळूहळू कमी. ती मिळत नसेल तर लॅक्ट्युलोज. मात्रा मुलाच्या वजनावर डॉक्टरांनी ठरवायची. सगळं फिसकटतं ते इथेच, कारण आठ दिवस मऊ शी झाली की घरात म्हणतात, "आता पुरे, नाहीतर सवय लागेल." या पावडरीची आतड्याला सवय लागत नाही. ती लवकर थांबवली की पुन्हा एक खडा होतो, पुन्हा दुखतं, आणि मूल पुन्हा दारामागे जातं. नीट उपचार होऊनही सहा महिने ते वर्षभरात औषध सुटतं ते निम्म्याच्या आसपास मुलांचंच, हे आईबापांना पहिल्याच दिवशी सांगावं.

पेरू, पपई, भाजी-भाकरी हे सगळं हवंच, पण साठलेला गोळा पेरूने निघत नाही. जेवल्यावर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून दुपारी आणि रात्री जेवणानंतर पाच-दहा मिनिटं निवांत बसवावं. कमोड असेल तर पायांखाली पाट ठेवावा, लोंबकळत्या पायांनी जोर लावता येत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात लहान मुलाला त्या भोकाचीच भीती वाटते, तिथे भांडं बरं. शी झाली नाही तरी बसल्याचं कौतुक करायचं. साबणाची वडी, देठ, बोट, यांतलं काहीही त्या जागेला लावायचं नाही, तीच जागा मुलाने भीतीने आवळून धरलेली असते.

त्या दुपारी मैत्रिणीने मुलाचं पोट दाबून पाहिलं. डाव्या बाजूला खाली गोळा हाताला लागत होता. तिने जन्माच्या वेळचं विचारलं, कणा पाहिला, वजन केलं आणि जिल्ह्याच्या गावच्या बालरोगतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. मग सिलिशिआची लहान बाटलीही दिली. आजी गेल्यावर मी तिच्याशी वाद घातला. बरं होईल ते पावडरीने, आणि आजी श्रेय देतील बाटलीला, उद्या शेजारणीच्या नातवाला नुसती बाटली देतील. ती म्हणाली, माझी विद्या माझ्याकडे आहे, ती मी देणार, पण पावडर थांबवली तर माझ्याकडे येऊ नका, असं मी त्यांना तुझ्यासमोरच सांगितलं. आमचं एकमत झालं नाही, अजूनही नाही. पण चिठ्ठी लिहून देणारा हात तिचा होता, हे मी विसरत नाही.

चार महिन्यांनी मी त्या गावी पुन्हा गेले तेव्हा आजी घडी केलेली कालनिर्णयची पानं घेऊन आल्या होत्या. एकादशीच्या, संकष्टीच्या चौकोनांत पेन्सिलीने टिकल्या मारलेल्या, शी झाली त्या दिवसाला एक. पहिल्या महिन्यात दाटी होती, मधे गणपतीच्या आठवड्यात चार चौकोन कोरे. "मुंबईची पाहुणी आली होती, पावडर राहिली द्यायची," आजी म्हणाल्या. त्यानंतर टिकल्या पुन्हा रोज. मुलगा दवाखान्याच्या पायरीवर बसून गाडी फिरवत होता. डॉक्टरांनी मात्रा पाऊण चमच्यावरून अर्ध्यावर आणली होती आणि दिवाळीनंतर पुन्हा दाखवायला सांगितलं होतं.